हा कुणाचं देणं लागतो?

पत्र

ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, वय २४. वडिलांची होडी आहे, मीही त्यांच्याबरोबर जातो. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत आम्ही पाच जण आमच्या पडवीत बसून 'सायबरपंक रेड' खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर खेळायची ही गोष्ट, बड्या कंपन्यांच्या ताब्यातल्या पुढच्या काळातल्या शहरात घडणारी. गोष्ट चालवणारा, म्हणजे गेम मास्टर, मी. त्याच जगावरची 'एजरनर्स' ही ॲनिमे मालिका सगळ्यांनी पाहिलीय, 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम दोघांनी खेळलाय. त्यामुळे प्रत्येकाला सँडेविस्तान, म्हणजे पाठीत बसवून अफाट वेग देणारं यंत्र, हवं असतं, प्रत्येक रात्र गोळीबारात संपते, आणि तीन-चार रात्रींनंतर पुढे काय होणार याची कुणालाच ओढ राहत नाही. आमच्यातला एक पुण्याला शिकून आलाय. तो म्हणतो, "आधी मूळ पुस्तकां वाच, मगे खेळ घे." त्यानं सतरा पुस्तकांची यादी पाठवली, सगळी इंग्रजी. माझं इंग्रजी बेताचं. मी म्हटलं, खेळ आपल्या किनाऱ्यावरच घडवू, तर तो हसला. "हंय खयचो सायबरपंक? हंय पावसाशिवाय आसा काय?" तेव्हापासून आमचं बोलणं तुटक झालंय. मी काय वाचू? आणि हा खेळ कोकणात होईल का?

उत्तर

सतराची यादी बाजूला ठेव. दोन लघुकथा आणि एका कादंबरीचा पहिला भाग, एवढ्यावर हा पावसाळा निघेल, आणि तेही पाच जणांनी मिळून वाचायचं आहे. कसं, ते पुढे सांगते. आधी तुमची रात्र गोळीबारात का संपते ते बघू.

तुमच्या प्रत्येक पात्राकडे हत्यार आहे. ते त्यानं कुणाच्या पैशानं घेतलं, हे मात्र तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मीही नेमकं हेच करत होते. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या वसतिगृहात एका मैत्रिणीकडे 'सायबरपंक २०२०'ची झेरॉक्स होती. माइक पाँडस्मिथ यांनी हा खेळ पहिल्यांदा १९८८ साली काढला, त्याची ही १९९० ची आवृत्ती. चार महिने आम्ही बंदुकांच्या तक्त्यांवरून बोटं फिरवली आणि पाचव्या महिन्यात खेळ आपोआप बंद पडला. कुणी भांडलं नाही, कुणाला वाईटही वाटलं नाही. आमच्या पात्रांना आमच्याकडून काहीच नको होतं, म्हणून ती गेल्याचं जाणवलंही नाही.

त्यानंतर विल्यम गिब्सन यांची 'बर्निंग क्रोम' ही कथा हाती आली. १९८२ साली 'ऑम्नी' मासिकात आलेली, 'सायबरस्पेस' हा शब्द जिच्यात पहिल्यांदा छापला गेला ती. दोन हॅकर एका धनाढ्य, निर्दय बाईचं खातं लुटायला निघतात. वरवर दरोड्याचीच गोष्ट आहे. पण त्यांच्याबरोबर रिकी नावाची एक मुलगी आहे, आणि तिला सिमस्टिमच्या, म्हणजे दुसऱ्याच्या संवेदना थेट अनुभवायला देणाऱ्या करमणुकीच्या, तारकांसारखे महागडे कृत्रिम डोळे हवे आहेत. ते डोळे ती कसे मिळवते हे कळतं तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की त्या कथेतल्या संगणकांचं वर्णन आज जुनाट वाटेल, डोळ्यांची किंमत जुनाट वाटणार नाही.

मग मी बाकीचं सगळं त्याच एका प्रश्नानं वाचायला लागले: हा माणूस कुणाचं देणं लागतो?

गिब्सन यांचीच कादंबरी 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) उघड. केस हा एकेकाळचा पट्टीचा हॅकर. त्यानं मालकांची चोरी केली, म्हणून त्यांनी विष टोचून त्याच्या मज्जासंस्थेची अशी हानी केली की त्याला परत संगणकांच्या जाळ्यात शिरता येऊ नये. नवा मालक येतो, त्याला बरं करतो, आणि बरं करतानाच रक्तवाहिन्यांत विषाच्या पिशव्या बसवतो. काम वेळेत झालं तर त्या काढायच्या, नाहीतर त्या विरघळणार आणि हा पुन्हा पांगळा होणार. आता हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला हवं का? याला आपल्याकडे शब्द आहे, उचल. हंगामाआधी बागायतदार वाशीच्या दलालाकडून उचल घेतो, म्हणून आंबा त्याच्याच गाळ्यावर, त्याच्याच भावानं जातो. होडीवाला मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतो, खलाशी होडीवाल्याकडून घेतो. पैसे हातात आले त्या दिवशी माणूस बरा होतो आणि त्याच दिवशी पिशवी बसते. तुझ्या वडिलांच्या वहीत यातलं बरंच सापडेल.

'एजरनर्स' तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय ना? सँडेविस्तान विसर, आईकडे बघ. मुलाला कंपनीच्या अकादमीत शिकवायला ती जादा पाळ्या करते, मेलेल्यांच्या अंगावरची यंत्रं गुपचूप विकते, आणि अपघात होतो तेव्हा महागड्या विम्याच्या यादीत नाव नाही म्हणून मदत पथक तिला तिथेच टाकून जातं. त्या मुलाच्या, डेव्हिडच्या, पाठीत ते यंत्र बसतं तेव्हा त्याची किंमत आधीच कुणीतरी भरलेली असते. मामोरू ओशी यांचा १९९५ चा 'घोस्ट इन द शेल' हा चित्रपट बघितलात तर तिथेही तेच आहे. नायिकेचं, मेजरचं, पोलादी शरीर सरकारचं आहे, नोकरी सोडली तर ते परत करावं लागेल. या प्रकारातल्या चांगल्या गोष्टींत निऑन मागे असतं आणि पावतीपुस्तक पुढे.

म्हणून पहिला उपाय तुझ्या हातातल्या नियमपुस्तकातलाच आहे. 'रेड'मध्ये महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक पात्रानं राहण्या-खाण्याचे पैसे भरायचे असतात. बहुतेक टोळकी हा नियम कंटाळवाणा म्हणून गाळतात. तू गाळू नकोस. पात्र बनवताना जो 'लाइफपाथ' फाशांवर ठरतो, घरचे कोण, शत्रू कोण, प्रेम कुणाशी झालं आणि कसं तुटलं, त्याच्याखाली प्रत्येकाला एक ओळ लिहायला लाव. मी कुणाचं किती लागतो, आणि ते कधीपर्यंत फेडायचं आहे. गोळी झाडण्याआधी मुलं आपोआप विचार करतील, कारण ज्याला झाडायची आहे तोच सावकार असू शकतो.

आता वाचायचं कसं. श्रावणात घरोघरी पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो आणि एक जण अर्थ सांगतो. ऐकणाऱ्यांना ओळन् ओळ समजली नाही तरी कथा पोचते. तुम्ही 'बर्निंग क्रोम' अशीच लावा. एकानं इंग्रजी वाचावं, दुसऱ्यानं दर परिच्छेदाला मालवणीत सांगावं. दोन रात्रींत होईल. गिब्सन यांचं इंग्रजी सोपं नाही, ते यंत्रांची बनावट नावं न समजावता फेकतात. इंग्रजीत वाढलेले वाचकही पहिल्यांदा अडखळतात, तेव्हा अडलास तर तुझं इंग्रजी कमी आहे असं समजू नकोस. पुढे जा, चार ओळींनंतर उमजतं.

त्यानंतर गिब्सन यांचीच 'जॉनी म्नेमोनिक' (१९८१). डोक्यात दुसऱ्यांची गुपितं वाहून नेणारा माणूस, जी त्याला स्वतःला वाचता येत नाहीत. ही कथा मी तुझ्यासाठी मुद्दाम निवडली, कारण तिच्यात जोन्स नावाचा एक डॉल्फिन आहे. आरमारानं त्याला पाणसुरुंग शोधायला वापरलं, ताब्यात राहावा म्हणून अफूच्या जातीच्या नशेची सवय लावली, आणि काम संपल्यावर तो एका करमणूक बागेतल्या टाकीत पडला आहे. तू ज्या पाण्यात जातोस तिथे डॉल्फिन दिसतात, तारकर्लीला पर्यटक त्यांच्यासाठी होड्या भाड्यानं घेतात. अमेरिकेतल्या वाचकापेक्षा ही कथा तुम्हाला जास्त लागेल. तिसरं 'न्यूरोमॅन्सर', आणि त्याचाही आधी फक्त चिबा शहराचा पहिला भाग. पुढचं ज्याला आवडेल त्यानं आपापलं वाचावं.

वॉल्टर जॉन विल्यम्स यांची 'हार्डवायर्ड' (१९८६) तुझ्या मित्राच्या यादीत असेलच. चिलखती वाहन थेट मेंदूनं चालवत सीमा ओलांडणारा तस्कर तिच्यात आहे, आणि पाँडस्मिथ यांच्या खेळावर तिचा मोठा ठसा आहे. वाहन चालवणारं पात्र कुणी घेतलं असेल तर त्याला दे. तिच्याबाबत मात्र मला एक सांगायचं आहे. रात्रीची होडी आणि ताडपत्रीखालचा माल हे कोकणात लगेच जमणारं कथानक आहे. पण १९९३ च्या फेब्रुवारीत रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली, हे आपल्याच किनाऱ्यावर घडलं. तेव्हा तुझ्या खेळात माल उतरला की पेटीत काय आहे हा प्रश्न टेबलावर यायलाच हवा, आणि "आमका काय त्याचा" हे उत्तर कुणी दिलं तर त्याची किंमतही खेळातच दिसायला हवी.

आता तुझ्या मित्राचा सवाल, हंय खयचो सायबरपंक.

त्याला गुहागरची आठवण करून दे. अंजनवेलजवळ दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहिला तो अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या पुढाकारानं. १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारनं प्रकल्प रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये वीज मंडळानं महाग वीज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ह्यूस्टनमधली ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात वेलदूरसारख्या कोळ्यांच्या गावांतल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेनं जानेवारी १९९९ मध्ये त्यावर पुस्तकभर अहवाल काढला. प्रकल्पावरच्या राज्य पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, अशी नोंद त्यात आहे. कंपनीच्या पैशावर उभे राहणारे पोलीस ही गोष्ट कादंबरीकारांनी कल्पनेनं लिहिली. गुहागर तालुक्यानं ती पाहिली.

आणि त्याआधीचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात चाकरमानी किती होते हे आपल्या गावांना माहीत आहे, कारण मनीऑर्डरी थांबल्या त्या आपल्या घरांतल्या. पुढे त्या गिरण्यांच्या जागेवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. 'बर्निंग क्रोम' आणि गिरणी संप एकाच वर्षातले आहेत. मला हा योगायोग कधी सुटत नाही. इंग्रजीतले लेखक कंपन्यांच्या उंच इमारती आणि खाली उरलेली माणसं रंगवत होते तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांमधून तेच घडायला लागलं होतं, आणि ते मराठीत लिहिलंही गेलं आहे. जयंत पवार यांचं 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' वाच. त्यात एकही यंत्रमानव नाही, तरी तुझ्या खेळाला लागणारी मुंबई त्यात आहे. पात्रांनी बोलायचं कसं हे कळायला भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' घे. मुलं सध्या डब केलेल्या सिनेमासारखी बोलत असतील तर 'वासूनाका'ची दहा पानं मोठ्यानं वाचलीत की फरक पडेल.

मराठी विज्ञानकथाही आहेतच. जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' जुन्या कुठल्याही वाचनालयात मिळेल. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ पासूनचं आहे. जमिनीत सापडलेल्या प्राचीन संस्कृतीच्या ज्ञानातून बुद्धिमान यंत्रमानव घडतो, अशी कल्पना आहे. तिच्यात सायबरपंकचा रस्त्यावरचा चिखल नाही, माणसं सभ्य आहेत, प्रयोगशाळेतली आहेत. पण आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, बारसूची, कशेळीची, देवाचे गोठण्याची, आणि ती कुणी व कशासाठी खोदली हे कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. सड्याखाली काहीतरी आहे आणि कंपनीला सडा हवा आहे, एवढं धरलंस तरी दोन महिन्यांचा खेळ निघेल.

दुसरी कल्पना पाओलो बाचिगालुपी यांच्या 'द विंडअप गर्ल' (२००९) मधून घेता येईल. बंधारे आणि पंपांच्या जोरावर समुद्राच्या पातळीखाली तगून राहिलेलं बँकॉक, आणि बियाण्यांवर मालकी असलेल्या कंपन्या. आपल्याकडे खारभूमीचे बांध आहेत, आणि हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उद्या कलमाचीच मालकी एका कंपनीकडे गेली आणि तिच्या परवानगीशिवाय झाडाला मोहोर येत नसला तर? पुस्तक मात्र पाच जणांत मोठ्यानं वाचू नका. त्यात एका स्त्रीवरच्या अत्याचाराची वर्णनं फार लांबवली आहेत, आणि मला ती खटकली.

'रेड' तुमच्या जागेला का बसतो तेही सांगते. त्याच्या २०४५ मध्ये संगणकांचं जुनं जगभरचं जाळं कोसळलेलं आहे, म्हणून नेटरनरला, म्हणजे खेळातल्या हॅकरला, घरी बसून काही फोडता येत नाही, स्वतः जागेवर जावं लागतं. नोमॅड, म्हणजे भटकी, कुटुंबं समुद्रावरचा मालही वाहतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोन नव्हता. तुटकं जाळं कसं असतं हे तुम्हाला पुस्तकातून शिकायला नको. तुझा नोमॅड आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी का नसावा? त्याचं अर्धं कुटुंब बागेत, अर्धं ट्रॉलरवर. मुंबईत वर्सोव्याला समुद्राखालच्या इंटरनेट केबल किनाऱ्याला लागतात. एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात अशी केबल अडकली, आणि होडीच्या तांडेलानं, म्हणजे मुख्य नाखव्यानं, ती सोडण्याआधी कुणीतरी वायरलेसवर त्याचं नाव घेऊन किंमत विचारली, तर त्या होडीवर कोण काय करेल?

खेळात देव-राखणदार आणायचा मोह होईल. १९८९ पासून 'शॅडोरन' हा खेळ जादू आणि सायबरपंक एकत्र चालवतोच आहे, त्यामुळे मनाई कुणाचीच नाही. पण आधी पाचही जणांना विचार. कुणाच्या घरी कौल लावून निर्णय होत असतील तर ती त्यांची श्रद्धा आहे. ती फाशांच्या शेजारी ठेवायची की नाही हे त्यांनी ठरवावं.

गेम मास्टर म्हणून तुला शिकवणारी मंडळी तर दर जत्रेला गावात येतात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि बाकीचं रंगमंचावर सुचेल तसं. समोरचा राजा जे बोलेल त्याला धरूनच उत्तर द्यायचं, त्याचं वाक्य पाडायचं नाही. पुढच्या जत्रेत मागे उभा राहून फक्त एवढंच बघ: एक नट दुसऱ्याला जागा कशी देतो. आणि "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" ही त्या कलावंतांबद्दलची म्हण तुझ्या रॉकरबॉयच्या, म्हणजे खेळातल्या बंडखोर गायकाच्या, कागदावर वरच्या ओळीत लिही.

राहिला तुझा मित्र. तो चुकतोय, पण त्याचं त्या पुस्तकांवर प्रेम आहे, आणि पुण्याहून आल्यावर ते बोलायला त्याला तुमच्याशिवाय कुणी नसणार. त्याला दोन गोष्टी सांग, वादासाठी नको, गप्पांत. सायबरस्पेस हा शब्द देणाऱ्या गिब्सन यांनी 'न्यूरोमॅन्सर' साध्या हातटाइपरायटरवर लिहिली. आणि ती लिहीत असताना १९८२ मध्ये 'ब्लेड रनर' बघायला गेले तेव्हा वीसेक मिनिटांत उठून बाहेर आले, कारण आपल्या डोक्यातलं शहर पडद्यावर दिसत होतं. आधी सगळं बघून, सगळं वाचून मग लिहायचं, असं त्यांनीच केलं नाही.

मग त्याला काम दे. त्याच्या यादीत जॉर्ज ॲलेक एफिंजर यांची 'व्हेन ग्रॅव्हिटी फेल्स' नसेल तर ती वाचायला सांग. ती एका अरब शहराच्या गल्ल्यांमध्ये घडते. तिथला सर्वांत बलाढ्य म्हातारा कामाचं बोलण्याआधी कॉफी पाजतो, दुवा देतो, खुशाली विचारतो, आणि शेवटी नायकाला नको असलेली तार त्याच्या मेंदूत बसवायला लावतो. अमेरिकेबाहेरच्या, आपल्या रीतीभाती सांभाळणाऱ्या गावात हा प्रकार कसा दिसतो, हे त्याला त्यातून दिसेल. ते वाचून झालं की पुढच्या खेळात त्याला दलाल कर. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे करून "घराकडे सगळी बरी मां?" असं विचारणारा दलाल. बाकीच्या तिन्ही पात्रांची उचल त्याच्या वहीत असू दे. बंदूक त्याच्याकडे एकही नको.

'बर्निंग क्रोम' वाचायचं काम त्याचं, मालवणीत सांगायचं तुझं. आणि दुसऱ्या कथेत जोन्सचा भाग आला की वडिलांना पडवीत बोलव. जाळी फाडून जाणाऱ्या डॉल्फिनांवर त्यांना काय म्हणायचं आहे ते ऐकून घ्या, मग पुढचं पान उलटा.